ओलं सरपण

माघ सरत आला की हिंगोली जिल्ह्यात धुराचे दिवस येतात. हळद निघालेली असते. शेताच्या कडेला शिजवायचे कुकर मांडलेले असतात. खाली पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचं लाकूड जळत असतं आणि वर ड्रमांतून वाफ सुटत असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो सगळा एकच पांढुरका लोळ दिसतो. कुकरवर उभा असलेला गडी मात्र वाफ कुठे संपते आणि धूर कुठे सुरू होतो, हे नुसत्या नजरेनं सांगतो. वाफ वर जाताजाता विरून जाते, मागे काही ठेवत नाही. धूर रेंगाळतो, आडवा पसरतो आणि संध्याकाळी कपड्यांत बसून घरी येतो. धुराचा रंग पालटला की तो गडी ड्रमाच्या झाकणाकडे बघतच नाही. तो खाली वाकतो आणि चुलाणातलं ओलं लाकूड ओढून बाहेर टाकतो.

याच दिवसांत आमचं नरसीला जाणं होतं. थोरल्या भाऊजींची शेती तिथं आहे, हळद तिथं आहे आणि नामदेवांचं दर्शनही तिथंच आहे, त्यामुळे आम्ही नेमकं कशासाठी जातो हे सांगता यायचं नाही. हिंगोलीहून रिसोडच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात गाव येतं. कयाधूच्या काठचं हे गाव नामदेवांचं जन्मस्थान, साल १२७०. आषाढीला पंढरपूर करून आलेले वारकरी वद्य एकादशीला इथं परतवारी करतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. एरवी गाव निवांत असतं. नांदेडला हुजूर साहिबला आलेले शीख भाविक पुढे नरसीलाही येतात, कारण गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. देवळाजवळ पगडीवाले आणि फेटेवाले एकाच टपरीवर चहा पिताना दिसतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी मी गाडीचं ऑईल बदलून घेतलं होतं. गाडी जुनी, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. गॅरेजवाल्यानं तासाभरात काम उरकून दिलं, बिल दिलं, काचेवर पुढच्या सर्व्हिसच्या किलोमीटरचा कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी नरसी जवळ आली तसा मागून मोटारसायकलवर येणारा पुतण्या हॉर्न वाजवत शेजारी आला आणि ओरडला, "काकू, मागून लई धूर येऊ लालाय!"

आपल्याकडे गाडी बंद पडली किंवा धूर सोडू लागली की माणसं जमायला वेळ लागत नाही, आणि जमलेल्या प्रत्येकाला कारण ठाऊक असतं. लिंबाखाली गाडी उभी केली तेवढ्यात चार निदानं झाली. एकानं सांगितलं, रिंगा गेल्या. दुसरा म्हणाला, ऑईल बोगस भरलं, आजकाल डब्यातसुद्धा भेसळ असते. तिसऱ्याचा स्वतःचा ट्रॅक्टर होता, त्यानं थेट इंजिन काम सांगितलं आणि खर्चाचा आकडाही. चौथा बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "काल ऑईल बदललं ना? मग त्यानंच झालं." यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मला या शेवटच्या वाक्याची गंमत वाटली. मी वर्षानुवर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलं, त्यात न्यायशास्त्राची तोंडओळख येते, आणि तिथे अनुमानाचं पहिलं उदाहरणच धुराचं आहे. डोंगरावर धूर दिसतो. स्वयंपाकघरात पाहिलंय की धूर असतो तिथे अग्नी असतो. म्हणून डोंगरावरही अग्नी असणार. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तून मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत पुरते गुण मिळवतात. पुढची अडचण थोड्यांच्याच ध्यानात राहते. धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाही. लोखंडाचा गोळा लालबुंद तापला तरी त्यातून धूर निघत नाही. धूर यायचा तर अग्नीशी ओल्या सरपणाची गाठ पडावी लागते.

धड चालणारं इंजिन हे त्या तापलेल्या गोळ्याच्या जातीचं आहे. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेत असेल तर आत तीन हजार वेळा पेट घेतं, आणि मागे सायलेन्सरच्या तोंडाशी डोळ्याला काही दिसत नाही. आग तिथे आहेच, ती शोधायची गरज नाही. म्हणून सायलेन्सरमधून धूर आला की विचारायचं ते एवढंच: ओलं काय आत गेलं? जाण्यासारख्या गोष्टी तीन. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त गेलं तर धूर काळा. रेडिएटरचं पाणी, म्हणजे कुलंट, हेड पॅकिंगमधून आत झिरपत असेल तर धूर पांढरा, दाट, आणि वासाला गोडसर. ऑईल जळत असेल तर धूर निळसर, आणि वास असा की घशाशी येतो.

रंगाचं हे कोष्टक आता शाळकरी पोरंही सांगतात, आणि तरी फसायला होतं, कारण रंग उजेडावर अवलंबून असतो. ऑईलच्या धुराला निळी झाक येते ती त्यात निळं काही असतं म्हणून नव्हे. ऑईलचे कण अतिशय बारीक असतात आणि उजेडातला निळा भाग ते जास्त विखुरतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञानं १८६९ मध्ये नळीत बारीक कणांचा ढग करून हेच दाखवलं होतं आणि आकाशाच्या निळेपणाचा विषय काढला होता. मागे काळं डांबर असेल तर हा धूर निळा दिसतो. सूर्याकडे तोंड करून पाहिला तर तोच तांबूस, मळकट वाटतो. तेव्हा धूर पाहायचा तर सूर्याला पाठ करून, आणि गाडीमागे काहीतरी गडद असेल अशा जागी.

पांढऱ्याचं तर विचारूच नका. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. उन्हाळ्यात ते दिसत नाही. थंडीच्या पहाटे सायलेन्सर गार असतो तेव्हा ते पांढऱ्या लोटासारखं बाहेर पडतं, टपटप थेंबही गळतात, आणि मालक घाबरून गॅरेज गाठतो. दोन-चार किलोमीटर चाललं की आपोआप थांबतं. वाफेला धूर समजून अग्नीचं अनुमान करण्याची चूक जुन्या तार्किकांनीही नोंदवून ठेवली आहे. त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या, पण थंडीची सकाळ होती.

चौघांच्या एकमताकडे परत येते. काल ऑईल बदललं, आज धूर आला, म्हणून ऑईल बदलल्यानं धूर आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो, आणि त्यात कावळ्याला निर्दोष सोडतो. पण फांदी कधीकधी कावळ्यानंही मोडते. कावळा किती जड होता आणि फांदी आधी किती किडली होती, हे दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही, आणि लिंबाखाली तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता.

पुतण्या एका मिस्त्रींना घेऊन आला. वयानं साठीच्या पुढचे, हातावर ऑईलच्या कायमच्या रेघा, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी मला विचारलं, "ताई, धूर कवा येऊ लाला? चालू करताना, का पळवताना, का पाय उचलल्यावर?"

हा प्रश्न मला फार आवडला. चौघांपैकी कुणीही तो विचारला नव्हता. रंगाबद्दल सगळे बोलतात, वेळेबद्दल कुणी बोलत नाही. आणि रंगावरून फक्त काय जळतंय ते कळतं, कुठून येतंय ते वेळेवरून कळतं. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना एकच निळा भपका आला आणि मग काही नाही, तर ते व्हॉल्व्ह सीलचं काम. रबर कडक होतं, रात्री ऑईल थेंबथेंब झिरपून व्हॉल्व्हच्या वाटेनं खाली साठतं आणि सकाळी एकदम जळतं. घाट उतरताना बराच वेळ पाय वर असेल आणि पुन्हा ॲक्सिलेटर दिल्यावर ढग आला, तरी संशय तिथेच. चढावर, ओझं असताना, गाडी ओढताना धूर वाढत असेल तर रिंगा आणि बोअरकडे पाहायचं. टर्बोच्या गाडीला तिथलं सील हा आणखी एक फाटा असतो. आणि धूर सारखाच येत असेल, चालू केल्यापासून बंद करेपर्यंत, आणि तो कालपरवाच अचानक सुरू झाला असेल, तर इंजिन एका रात्रीत झिजत नाही, हे आधी आठवायचं.

मी सांगितलं, सारखाच येतोय. चाचांनी मान हलवली आणि बॉनेट उघडायला सांगितलं. बॉनेटखालून धूर येतो का, ते पाहिलं. ऑईल ओतताना टॅपेट कव्हरवरून खाली सांडतं, तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं आणि जळतं. फिल्टर बदलताना जुन्याचं थोडं ऑईल तिथेच ओघळतं. या धुरानं माणसं फार भितात. तो अर्ध्या तासात सांडलेलं संपलं की थांबतो. मात्र थांबला नाही तर फिल्टरचं जुनं पॅकिंग इंजिनला चिकटून राहून त्यावर नवीन बसवलंय का, हे पाहावं लागतं. दोन पॅकिंगं एकावर एक बसली की ऑईल धो धो जातं, आणि तो प्रकार गमतीचा नाही. माझ्या गाडीत तसं नव्हतं. धूर मागूनच होता.

मग ते म्हणाले, "गाडी सपाटीवर घ्या." लिंबाखालची जागा उताराची होती. गाडी रस्त्याच्या कडेला सपाट जागी घेतली, बंद केली, आणि ते चहा प्यायला निघून गेले. मला आधी कळेना. नंतर लक्षात आलं की हाही तपासणीचाच भाग होता. वर गेलेलं ऑईल निथळून तळाच्या चेंबरमध्ये उतरायला पाच-सात मिनिटं लागतात. आल्यावर त्यांनी गेजची पट्टी ओढली, चिंधीनं पुसली, पुन्हा पूर्ण आत घातली, काढली, आणि उजेडात आडवी धरून माझ्यासमोर आणली. पट्टीवर खालची एक खूण असते, वरची एक. ऑईल त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावं. इथे वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं पट्टी ओली होती.

पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर बोटाच्या पेराएवढं दिसतं, पण बहुतेक गाड्यांत ते पाऊण ते एक लिटरचं असतं. म्हणजे वर दोन बोटं म्हणजे लिटरभर ऑईल जास्त. याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी बारीक फरक टिपायचा. आणि तिथून जवळच आम्ही लिटरभराचा फरक पाहायला चहा होईपर्यंत थांबत नाही. असो.

जास्तीच्या ऑईलनं धूर का यावा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण लोकांची समजूत उलटी असते. जास्त वंगण म्हणजे इंजिनाला जास्त आराम, असं पुष्कळांना वाटतं. बैलगाडीच्या आखाला वंगण थोडं जास्त लागलं तर ते बाहेर ओघळतं, बिघडत काही नाही. इंजिनाचं तसं नाही. चेंबरच्या वर क्रँक फिरत असतो. ऑईलची पातळी त्याच्यापर्यंत चढली की तो ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑईल पंपाला नीट ओढता येत नाही. म्हणजे ऑईल जास्त असूनही बेअरिंगला कमीच पोचतं. शिवाय चेंबरमध्ये जी हवा साठते ती बाहेर न सोडता ब्रीदर पाइपातून पुन्हा इंजिनाच्या श्वासाला जोडलेली असते. प्रदूषण कमी व्हावं म्हणून केलेली ही सोय. घुसळलेल्या ऑईलचं धुकं त्याच वाटेनं वर जातं, पेट्रोलबरोबर आत शिरतं आणि जळतं. रिंगा ठीक, व्हॉल्व्ह ठीक, तरी मागून निळा धूर. चाचांनी ब्रीदरचा पाइप काढून आत बोट फिरवलं. बोट चिंब ओलं बाहेर आलं. ते त्यांनी काही न बोलता मला दाखवलं. डिझेल गाडीत तर हा प्रकार जिवावर बेतू शकतो. इंजिन स्वतःच्याच ऑईलवर पळू लागतं, आणि चावी काढून घेतली तरी बंद होत नाही.

पट्टीवरच्या ऑईलचा रंगही बोलका होता. पेट्रोल गाडीत नवीन ऑईल पहिले काही दिवस मधासारखं सोनेरी राहतं. हे एका दिवसात काळपट झालं होतं. म्हणजे जुनं पुरतं निघालंच नव्हतं. इंजिन गार असताना चेंबरचा नट खोलला की ऑईल घट्ट असतं, सावकाश उतरतं; गाडी एका बाजूनं जॅकवर असेल तर एका कोपऱ्यात राहून जातं; गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत असतं. मग वरून नवा डबा ओततात. आमच्या बाजारात डबे तीन, साडेतीन, चार लिटरचे मिळतात, इंजिनला लागतं ते त्या आकड्यांना विचारून नव्हे. उरलेलं अर्धा लिटर डब्यात ठेवणं कुणालाच पटत नाही. "राहू द्या, आत असलेलं बरं" म्हणून तेही ओततात. फिल्टर चाचांनी बोटानं पुसून पाहिला. त्यावर जुनी माती बसलेली होती. नवीन फिल्टर बिलात होता.

चाचांनी गाडी थोडा वेळ चालू ठेवून ऑईल कोमट केलं, खाली डबा ठेवला आणि नट दोन आटे सैल केला. पातळ धार सुटली. मध्येच नट आवळून ते पुन्हा पट्टी पाहत होते, पुन्हा थोडं सोडत होते. शेवटी पट्टी वरच्या खुणेच्या किंचित खाली आली. निघालेलं ऑईल त्यांनी पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. बाटली गळ्यापर्यंत भरली. ती त्यांनी मला दिली नाही, जवळच्या एका ड्रमात रिकामी केली. गावात जळक्या ऑईलला गिऱ्हाईक असतं. दाराच्या चौकटींना, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लोक ते नेतात. नाल्यात ओतून कयाधूत सोडण्यापेक्षा ते बरं, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल.

लिंबाखालचे ट्रॅक्टरवाले अजून तिथेच होते. त्यांना हे फारसं पटलं नाही. एवढ्या धुराला एवढंसं कारण असू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. या माणसांना मी हसणार नाही. आमच्या पिढीचं धुराशी नातंच वेगळं होतं. १९७२ मध्ये लुना आली, त्याच वर्षी चेतक आली, पुढे १९८५ मध्ये बजाजचा वाळूजला कारखाना झाला आणि मराठवाड्यात घरोघर स्कूटर दिसू लागली. ही सगळी टू-स्ट्रोक यंत्रं. पेट्रोलातच ऑईल मिसळायचं आणि दोन्ही मिळून जाळायचं, हाच त्यांचा धर्म. निळा धूर हे गाडी चालू असल्याचं लक्षण होतं. तो दिसला नाही तर उलट पोटात गोळा यायचा, की टूटी ऑईल घालायचं राहिलं आणि आता पिस्टन धरणार. त्या धुराचा वास मला अजून आवडतो, हे सांगायला लाज वाटत नाही. पण चारचाकीत तोच धूर सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो, ऑक्सिजन सेन्सरवर राखेचा थर चढवतो, आणि हा खर्च रिंगांच्या खर्चाहून कमी नसतो.

आणखी एक आधार लोक धरतात तो पीयूसीचा. "पीयूसी आहे ना? मग गाडी चांगली." पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किती, ते गाडी उभी ठेवून मोजतात, डिझेलला धुरातून उजेड किती अडतो ते पाहतात. चढावर गाडी काय सोडते आणि पहाटे चालू करताना काय सोडते, ते त्या यंत्रासमोर कधी येतच नाही. प्रमाणपत्र खरं असतं, ते फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतं.

काम चालू असताना मी देवळात जाऊन आले. परतताना डोक्यात गोरोबांची गोष्ट घोळत होती. तेरला संतांचा मेळा जमला होता, मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, यातली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती? गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले, आणि गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. मग पांडुरंगानंच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं, औंढ्या नागनाथाला, म्हणजे याच जिल्ह्यात. कीर्तनकार ही गोष्ट नामदेवांच्या अहंकाराची म्हणून सांगतात. मला त्यात कुंभाराची रीत जास्त दिसते. मडकं कच्चं की पक्कं हे फोडून पाहिलं तर नक्की कळतं, पण मग मडकं उरत नाही. गोरोबांनी वाजवून पाहिलं. आणि कच्चं निघालं म्हणून फेकायला सांगितलं नाही. पुढे ते योग्य भट्टीकडे गेलं.

गॅरेजच्या धंद्यात फोडून पाहणारे फार झालेत. धूर म्हटला की हेड उतरवा, हेड उतरलं की रिंगाही बघू, रिंगा काढल्याच तर बोअरही करून घ्या. उघडलेल्या इंजिनात काहीतरी झिजलेलं सापडतंच. जुन्या गाडीत न सापडलं तर नवल. मग झिजलेलं दाखवून धुराचं कारण तेच होतं असं सिद्ध करता येतं, आणि गिऱ्हाईक दोन्ही हातांनी पैसे मोजतं. चाचांचा क्रम वेगळा होता. "आधी फुकटचं बघायचं, मंग पैशाचं," ते म्हणाले. पट्टी फुकट, ब्रीदरचा पाइप फुकट, वास फुकट, कुलंटची टाकी फुकट. त्यानंतर प्लग काढून पाहणं, एका सिलिंडरचा प्लग तेलकट आणि बाकीचे कोरडे असले की दुखणं कुठे ते कळतं. त्यानंतर कॉम्प्रेशन, आधी कोरडं आणि मग चमचाभर ऑईल सोडून. ऑईलनं आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. हेड उतरवणं सगळ्यांत शेवटी.

निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, धूर लगेच थांबणार नाही. पाइपात, हवेच्या वाटेत, सायलेन्सरमध्ये शिरलेलं ऑईल जळून जाईपर्यंत येतच राहील, तोवर कुणी काही सांगितलं तरी इंजिन उघडू द्यायचं नाही. दुसरी गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली. "सकाळचा एक भपका राहील ताई. तो कालचा न्हाय, जुना हाय."

तसंच झालं. हिंगोलीला पोचेपर्यंत धूर विरळ झाला होता, पुढच्या काही फेऱ्यांत दिसेनासा झाला. आणि सकाळी गाडी चालू करताना मागे उभं राहून पाहिलं तेव्हा एक छोटा निळा ढग निघाला, शेजारच्या जास्वंदीपर्यंत गेला आणि संपला. व्हॉल्व्ह सील. हे दुखणं ऑईल बदलायच्या कितीतरी आधीपासूनचं असणार. सकाळी गाडी चालू करणारा पुढे बसलेला असतो, मागे जाऊन कोण बघतो? कावळ्यानं एक फांदी खरोखरच मोडली होती, आणि शेजारची आधीपासून किडलेली होती. दोन्हींचा धूर एकाच नळीतून येत होता.

व्हॉल्व्ह सीलचं काम मी अजून केलेलं नाही, आणि घाईही नाही. पट्टी दर महिन्याला पाहते. हजार किलोमीटरला थोडंसं ऑईल लागतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तर अर्धा ते एक लिटर लागलं तरी चालेल असं लिहिलेलं असतं. वाढलं तर करू. आणि वाढलं की नाही हे मला आता गॅरेजवाल्याच्या आधी कळेल.

तेव्हा ऑईल बदलायला गेलात तर इंजिन कोमट असताना काढायला सांगा, पुस्तिकेत किती लिटर लिहिलंय आणि कोणत्या ग्रेडचं ते आधी पाहून जा. पुस्तिकेत पातळ ग्रेड असताना नेहमीचं २०W-४० किंवा त्याच्या उलट, असं परस्पर बदलू देऊ नका. गॅरेजातून निघण्याआधी गाडी सपाटीवर लावा, पाच-सात मिनिटं थांबा आणि पट्टी स्वतःच्या हातानं ओढून पाहा. जुना फिल्टर मागून घ्या. डब्यात ऑईल उरलं असेल तर झाकण लावून घरी आणा. त्याचे पैसे आपण दिलेले असतात.